काकांचा चेहरा हिरवट का झाला होता? एम्बामिंगची रसायने शरीरात नेमके काय करतात?

प्रश्न – खाडीकाठ

नमस्कार. प्रसंग घरातल्या मृत्यूचा आहे आणि प्रश्न रसायनशास्त्राचा, त्यामुळे तो कोठे विचारावा हे बरेच दिवस ठरत नव्हते. येथे वैद्यकीय क्षेत्रातील काही सभासद नियमित लिहितात, म्हणून आज लिहीत आहे.

माझे धाकटे काका आखाती देशात एका कारखान्यात २२ वर्षे फिटर होते. यकृताच्या आजाराने शेवटचे दोन महिने ते तेथील रुग्णालयात होते आणि कावीळ इतकी वाढली होती की व्हिडिओ कॉलवरसुद्धा त्यांचे डोळे हळद लावल्यासारखे दिसत. गेल्या महिन्यात ते गेले. कागदपत्रे, एम्बामिंग (पार्थिव टिकावे म्हणून त्यात रसायने भरणे) आणि विमानातील जागा हे सर्व जमून पार्थिव मुंबईला उतरले तो नववा दिवस होता. तेथून रुग्णवाहिकेने गुहागर तालुक्यातील आमच्या गावी पोहोचेपर्यंत रात्र झाली.

पेटी माजघरात ठेवून उघडली, आतील प्लॅस्टिकचे आवरण बाजूला केले, आणि असा उग्र दर्प आला की जवळ बसलेल्या सर्वांच्या डोळ्यांना धारा लागल्या. तो कुजल्याचा वास मुळीच नव्हता. नाकात आणि घशात झोंबणारे काहीतरी होते. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला तर तो लाकडासारखा टणक होता, बोटे वळत नव्हती. तोंडात गंगाजल घालून तुळशीचे पान ठेवायचे होते, परंतु जबडा तसूभरही उघडेना. काकूंनी चमचा ओठांना लावला, पाणी हनुवटीवरून ओघळून कापसात जिरले, आणि त्या चमचा तसाच धरून कितीतरी वेळ बसून राहिल्या.

सर्वांत अधिक त्रास चेहऱ्याच्या रंगाने दिला. तो पिवळा नव्हता, हिरवट होता, आणि गालांवर तर शेवाळी म्हणावा असा होता. दुसऱ्या दिवसापासून भावकीत कुजबूज सुरू झाली की माणूस असा हिरवा पडतो तो विषानेच, तिकडे काहीतरी घडले असणार आणि आपल्यापासून ते लपवले गेले. ही गोष्ट काकूंच्या कानापर्यंत गेली आहे. रुग्णालयाचे सर्व कागद आमच्याकडे आहेत, दाहसंस्कारही होऊन गेला, परंतु त्यांच्या मनातील शंका जात नाही आणि रात्री झोप लागत नाही.

म्हणून जाणकारांना विनंती आहे. एम्बामिंगमध्ये कोणती रसायने वापरतात आणि त्यांनी शरीर टिकते ते कशामुळे? ते इतके कडक का होते? हिरवा रंग कशाने आला असेल? त्या वाफेने घरातल्यांना काही अपाय होईल का? आणि एक शेवटचे: काकांचा मुलगा कॅनडातून दोन दिवस उशिरा पोहोचला, त्याला बापाचा चेहरा दिसला नाही. पार्थिव आणखी दोन दिवस ठेवता आले असते का?

प्रतिसाद – परतलेला

आपल्या दुःखात सहभागी आहे. मी १४ वर्षे आखातात होतो आणि तेथील मराठी मंडळींबरोबर अशी काही पार्थिवे भारतात पाठवण्याच्या कामी धावपळ केलेली आहे. नऊ दिवस लागले याचा विषाद मानू नये. मृत्यूचा दाखला, पोलिसांची परवानगी, भारतीय वकिलातीकडून पासपोर्ट रद्द करून घेणे आणि तिचे ना हरकत पत्र, त्यानंतर एम्बामिंगचे प्रमाणपत्र आणि मग विमान कंपनीचे कार्गो, अशी ही साखळी आहे. त्यात एखादी सुट्टी आली तर तेवढे दिवस सहज जातात. एम्बामिंगच्या प्रमाणपत्राशिवाय पेटी विमानात चढत नाही.

माझ्या माहितीप्रमाणे एम्बामिंग म्हणजे शरीरातील सर्व रक्त काढून त्या जागी स्पिरिट भरतात. म्हणूनच ती पेटी घरी उघडूच नये आणि पार्थिवाला अंघोळ घालू नये असे तिकडे सांगत असत. सरणावर त्या स्पिरिटाचा भडका उडतो असेही ऐकले आहे. डॉक्टर मंडळींनी यावर प्रकाश टाकावा.

प्रतिसाद – शरीररचना

मी ३१ वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवले आहे आणि विभागाच्या वतीने बाहेरगावी वा परदेशी जाणाऱ्या पार्थिवांचे एम्बामिंगही केले आहे. तुमच्या काकांचे पार्थिव मी पाहिलेले नाही, त्यामुळे जे लिहितो आहे ते तुम्ही केलेल्या वर्णनावरून. मात्र ते वर्णन इतके नेमके आहे की रंगाबद्दल मला फारशी शंका उरत नाही. तुमच्या काकूंसाठी तेच सर्वांत महत्त्वाचे असल्यामुळे त्यापासूनच सुरुवात करतो.

काविळीत रक्तात आणि त्वचेत जे पिवळे द्रव्य साचते त्याला बिलिरुबिन म्हणतात. एम्बामिंगच्या द्रवातील फॉर्माल्डिहाइड अशा त्वचेत पोहोचले की या बिलिरुबिनचे रूपांतर बिलिव्हर्डिन नावाच्या द्रव्यात होते आणि बिलिव्हर्डिनचा रंग हिरवा असतो. मुका मार लागून काळीनिळी झालेली जागा चार-पाच दिवसांनी हिरवट आणि मग पिवळी होते हे आपण सर्वांनी स्वतःच्या अंगावर पाहिलेले आहे. तेथे हीच दोन द्रव्ये असतात. जिवंत शरीरात हिरव्याचे पिवळे होते आणि एम्बामिंगमध्ये पिवळ्याचे हिरवे होते, एवढाच फरक. काविळीने गेलेल्या माणसाचे पार्थिव एम्बामिंगनंतर हिरवे पडते हे या कामातील प्रत्येकाला ठाऊक असते. त्यासाठी फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण कमी ठेवलेले आणि रंग मिसळलेले वेगळे द्रवही मिळतात, परंतु दूरच्या प्रवासासाठी शरीर टिकणे ही पहिली गरज असल्यामुळे पुष्कळदा नेहमीचाच द्रव वापरला जातो.

हिरवा रंग कुजण्यामुळेही येतो, हे खरे आहे, परंतु त्याची रीत निराळी असते. तो प्रथम पोटाच्या उजव्या खालच्या भागात दिसतो, कारण तेथे मोठ्या आतड्याची सुरुवात आहे आणि जीवाणूंची संख्या प्रचंड आहे. त्यांनी तयार केलेला हायड्रोजन सल्फाइड वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावून हिरवे द्रव्य बनवतो. मग पोट फुगते, कातडी सुटू लागते, दुर्गंध येतो. तुम्ही यातील काहीही पाहिले नाही. उलट कुजल्याचा वास मुळीच नव्हता असे स्वच्छ लिहिले आहे. दोन महिन्यांची कावीळ, त्यानंतर एम्बामिंग, आणि चेहऱ्यावर पसरलेला हिरवट रंग, एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर विषाची कल्पना करण्याचे काहीच कारण उरत नाही. रुग्णालयाच्या कागदांत बिलिरुबिनचा आकडा असेल, तो काढून पाहा. निरोगी माणसात तो दर १०० मिलिलिटर रक्तात एक मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो.

आता शरीर टिकते कसे, याकडे वळतो. मृत्यूनंतर शरीर दोन वाटांनी मोडत जाते. पहिली वाट शरीराच्या आतलीच आहे: प्राणवायू बंद झाला की पेशींची आवरणे फुटतात आणि ज्या विकरांनी (एन्झाइमांनी) आयुष्यभर अन्न पचवले, जुने भाग मोडून नवे घडवले, तीच विकरे पेशीला आतून पचवू लागतात. स्वादुपिंडासारखे अवयव या वाटेने फार लवकर जातात. दुसरी वाट जीवाणूंची. आतड्यात राहणारे जीवाणू अडथळा नाहीसा झाल्यामुळे रक्तवाहिन्यांतून सर्वत्र पसरतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सर्व अर्ध्या-पाऊण दिवसात डोळ्यांना दिसू लागते. शवागारातील चार अंश सेल्सिअसची थंडी या दोन्ही वाटा मंदावते, बंद करत नाही. बंद करण्यासाठी रसायन लागते.

ते रसायन म्हणजे फॉर्माल्डिहाइड. हा मुळात वायू आहे. पाण्यात त्याचे ३७ ते ४० टक्के द्रावण केले की त्याला फॉर्मॅलिन म्हणतात. रशियन रसायनशास्त्रज्ञ बुटलेरॉव्ह यांना तो १८५९ मध्ये प्रयोगशाळेत मिळाला, परंतु त्याचा हा उपयोग कळायला १८९३ साल उजाडले. फ्रँकफर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लूम हे जंतुनाशक म्हणून त्याची चाचणी घेत होते, आणि काम करता करता त्यांच्या लक्षात आले की आपल्याच बोटांची कातडी टणक होत चालली आहे. आज जगभरातील रोगनिदान प्रयोगशाळांत शस्त्रक्रियेने काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवतात, ते त्या निरीक्षणामुळे.

कातडी टणक का झाली, याचे उत्तर रेणूत आहे. आपले स्नायू, त्वचा, विकरे, जीवाणूंची शरीरे हे सर्व प्रथिनांचे बनलेले असते आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक, विशिष्ट घड्या घातलेली साखळी. फॉर्माल्डिहाइडचा रेणू अतिशय लहान असल्यामुळे तो पेशीत सहज शिरतो, साखळीवरील लायसिनसारख्या अमिनो आम्लाच्या मोकळ्या नायट्रोजनला चिकटतो आणि मग त्याच्या दुसऱ्या बाजूने शेजारच्या साखळीला पकडतो. अशा रीतीने दोन साखळ्यांच्या मध्ये एका कार्बनचा पूल तयार होतो. असे असंख्य पूल बांधले गेले की सुट्या, हलत्या साखळ्यांचे एक जाळे बनते. कातडे कमावताना जे घडते त्याच जातीची ही क्रिया आहे, आणि फॉर्माल्डिहाइड कातडी कमावण्यासाठीही वापरले गेलेले आहे.

या एकाच क्रियेने तीन कामे साधतात. विकरांच्या घड्या जागच्या जागी जखडल्या गेल्यामुळे ती काम करू शकत नाहीत, म्हणजे पहिली वाट बंद. जीवाणूंची स्वतःची प्रथिनेही जखडली जाऊन ते मरतात, म्हणजे दुसरी वाट बंद. आणि नंतर बाहेरून नवे जीवाणू आले तरी त्यांच्यासाठी शरीरातील प्रथिन हे अन्नच उरत नाही, कारण त्यांची विकरे ते जाळे सहजी तोडू शकत नाहीत. तुमच्या काकांचा हात लाकडासारखा लागला, जबडा उघडला नाही, याचे कारणही हेच. मृत्यूनंतर काही तासांत येणारा नैसर्गिक ताठरपणा दीड-दोन दिवसांत ओसरतो, नवव्या दिवशी तो नसतो. तुम्ही अनुभवला तो प्रथिनांच्या जाळ्याचा कडकपणा होता. शिवाय पार्थिव परदेशातून पाठवताना ओठ मिटलेले राहावेत म्हणून तोंड आतून टाक्याने बंद करण्याचीही पद्धत आहे. काकूंनी जोर केला नाही हे बरे झाले. त्यांना एवढे अवश्य सांगा की पाणी आत गेले नाही यात त्यांच्या हातून काहीही राहून गेले नाही.

फॉर्मॅलिन एकटे वापरत नाहीत. ते फार लवकर आणि फार कडक पकड घेते, वरच्या थरालाच जखडून आतला मार्ग बंद करते, आणि ऊतींतील ओलावाही काढून घेते. म्हणून त्यात मिथाइल अल्कोहोल असते, ज्यामुळे द्रावण साठवणीत गोठून पांढरा गाळ बनत नाही आणि द्रव आत शिरण्यासही मदत होते. ग्लिसरीन असते, जे ओलावा धरून ठेवते आणि त्वचा सुकून सुरकुतू देत नाही. फिनॉल असते, ज्याला जुन्या पिढीने कार्बॉलिक म्हणून ओळखले आणि जे बुरशीवर विशेष उपयोगी पडते. रक्ताच्या गाठी सैल व्हाव्यात म्हणून सोडियम सायट्रेट, आम्लता स्थिर राहावी म्हणून बोरॅक्स, त्वचेला जिवंतपणीची लाली यावी म्हणून इओसिन हा गुलाबी रंग, आणि दर्प झाकण्यासाठी निलगिरीचे तेल अशी भरही असते. रक्त काढण्याबाबत परतलेला यांनी लिहिलेले अंशतः बरोबर आहे. काही देशांत द्रव भरताना एक शीर उघडून रक्ताला वाट करून देतात, तरीही सर्व रक्त निघत नाही. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांत बहुधा रक्त न काढताच द्रव भरतात. स्पिरिट हा त्यातील एक घटक आहे, मुख्य घटक नव्हे.

सरणावर भडका उडतो हे मात्र खरे नाही. शरीरात जातो तो पाण्याने भरपूर पातळ केलेला द्रव, आणि त्यातील बरेचसे फॉर्माल्डिहाइड प्रथिनांना बांधले गेलेले असते. दाहसंस्कारापूर्वी खरोखर काढून घ्यावी लागते ती वस्तू म्हणजे हृदयाचा पेसमेकर. त्यातील बॅटरी उष्णतेने फुटते.

विषाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत एम्बामिंगच्या द्रवात आर्सेनिक वापरत, आणि आर्सेनिक हेच त्या काळातले विषप्रयोगाचे प्रसिद्ध साधन होते. मग मृतदेहात सापडलेले आर्सेनिक खुन्याचे की द्रवाचे, हे न्यायालयाला ठरवता येईना, म्हणून त्यावर बंदी घालावी लागली. आजच्या द्रवात ते नसते. तरीही एम्बामिंगने रक्तातील अल्कोहोलसारख्या काही तपासण्या निरुपयोगी होतात, त्यामुळे जेथे थोडाही संशय असतो तेथे शवविच्छेदन आधी आणि एम्बामिंग नंतर, हाच क्रम पाळला जातो.

प्रतिसाद – जुना कर्मचारी

सरांनी शास्त्र सांगितले. मी हाताने केलेले काम सांगतो, कारण आपल्या माणसाला तिकडे बंद दाराआड काय केले असेल या विचारानेही घरच्यांना फार त्रास होतो, असे मी पाहिले आहे. मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात २६ वर्षे परिचर होतो.

मांडीच्या वरच्या भागात, जांघेच्या जरा खाली, बोटभर लांबीचा छेद घेतात. तेथे शाळेच्या पुस्तकात जिला रोहिणी म्हणतात ती मोठी रक्तवाहिनी सापडते. तिला बारीक चीर देऊन त्यात नळी बसवतात आणि दोऱ्याने पक्की बांधतात. द्रवाचा कॅन डोक्यापेक्षा बराच उंच टांगलेला असतो. पंप नसला तरी उंचीच्या दाबाने द्रव हळूहळू उतरतो. आधी नळी हृदयाच्या दिशेने, मग उलटवून पावलाच्या दिशेने, असे दोन वेळा करावे लागते. मोठ्या माणसाला ८ ते १० लिटर द्रव लागतो. रक्त ज्या वाटांनी फिरत होते त्याच वाटांनी द्रव प्रत्येक बोटापर्यंत जातो, म्हणून एवढ्याशा एका छेदात काम होते. शरीर नुसते द्रवात बुडवले तर तो बाहेरून आत तासाला सुमारे एक मिलिमीटर एवढाच सरकतो आणि पुढे पुढे त्याहूनही मंदावतो, तोवर पोटातले सर्व बिघडून जाते.

द्रव पोहोचला की नाही हे डोळ्यांनी आणि हाताने कळते. कपाळाच्या शिरा भरून येतात, कानाच्या पाळ्या टपोऱ्या होतात, हाताची बोटे मऊ होती ती घट्ट लागू लागतात. मी नेहमी पायाचा अंगठा दाबून पाहत असे. कोठे रक्ताची गाठ अडकली असेल तर तेवढा एक पाय मऊ राहतो. तेथे मोठ्या सुईने वेगळा द्रव सोडावा लागतो, नाहीतर दोन दिवसांत तोच भाग दगा देतो. शवविच्छेदन झालेल्या पार्थिवाचे काम सर्वांत अवघड, कारण आतल्या मोठ्या वाहिन्या कापलेल्या असतात. मग दोन्ही मांड्या, दोन्ही काखा आणि मानेच्या दोन्ही बाजू अशा सहा ठिकाणांहून द्रव भरावा लागतो. शेवटी छेद टाके घालून बंद करतात, नाका-कानात कापूस ठेवतात, अंग पुसतात. आमच्याकडे हे सर्व होईपर्यंत पार्थिवावर कमरेपर्यंत चादर असे आणि ती छेदापुरतीच सरकवली जाई. आमच्या साहेबांनी तो नियम कधी मोडू दिला नाही.

अपायाबद्दल माझा अनुभव असा की डोळे आणि नाक लगेच चुरचुरतात, पण मोकळ्या हवेत गेले की बरे वाटते. माझ्या हातांची कातडी मात्र वर्षानुवर्षांच्या संपर्काने जाड होऊन भेगाळली, कारण सुरुवातीच्या काळात आम्ही हातमोजे नियमाने घालत नव्हतो. एक-दोन तास जवळ बसलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे.

प्रतिसाद – शरीररचना

यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर महाराष्ट्रभर असतील. त्यांनी जे अपायाचे लिहिले आहे त्याला थोडी जोड देतो आणि शेवटच्या प्रश्नाकडे वळतो.

डोळ्यांत झोंबते त्याचे कारण तीच प्रथिनांची क्रिया आहे. शरीरात न बांधले गेलेले फॉर्माल्डिहाइड बंद प्लॅस्टिकमध्ये वाफ होऊन साचते, आवरण उघडताच बाहेर पडते, डोळ्यांच्या आणि नाकाच्या ओलाव्यात विरघळते आणि तेथील नाजूक आवरणाला डिवचते. अश्रू येतात ते त्याला धुऊन काढण्यासाठीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, आणि हे वाचून तुम्ही घाबराल म्हणून आधीच सांगतो की तो धोका वर्षानुवर्षे रोज ही हवा घेणाऱ्या कामगारांचा आहे. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत पाऊण भाग अशी आहे. एका रात्रीच्या संपर्काने तुमच्या घरातील कोणालाही तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. दमा असलेल्या व्यक्तीला मात्र त्या वेळी खोकला वा धाप लागू शकते, आणि ती अजून टिकून असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

असा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांच्यासाठी एवढेच सांगेन की पेटी माजघरात न उघडता अंगणात किंवा ओटीवर उघडावी, आवरण सैल करून दहा-पंधरा मिनिटे सर्वांनी लांब थांबावे, लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना दूर बसवावे, आणि पार्थिवाला हात लावणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. अंघोळ घालण्यास रसायनाची आडकाठी नाही. संसर्गजन्य आजाराने मृत्यू झाला असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा सोबतच्या कागदावरील सूचनाच पाळाव्यात. ओल्या फडक्याने अंग पुसून ओठांना तुळशीपत्र लावले तरी विधीचा भाव पूर्ण होतो, असे मला माझ्या आईच्या वेळी गुरुजींनी सांगितले होते.

दोन दिवस ठेवता आले असते का? रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर थंड पेटीत ठेवून, बहुधा हो. परंतु हे उत्तर तुमच्या चुलतभावाला सांगताना त्याची दुसरी बाजूही सांगा. प्रवासासाठीचे एम्बामिंग हे काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत निभावण्यासाठी असते आणि आतमध्ये एखादा भाग कच्चा राहिला आहे की नाही हे बाहेरून कोणालाही ठरवता येत नाही. त्यातून यकृताच्या आजारात पोटात आणि पायांत पाणी साचलेले असते; ते पाणी द्रवाला पातळ करते, त्यामुळे पकड कमी पडते. पेटी उघडल्यानंतर कोकणातील दमट हवेत दोन दिवस थांबणे हा जुगार ठरला असता, आणि तो हरला असता तर मुलाला जो चेहरा दिसला असता तो न दिसलेलाच बरा. आमच्या विभागातील देह वर्षानुवर्षे टिकतात ते जास्त तीव्र द्रव भरून पुढे टाकीत बुडवून ठेवल्यामुळे. मॉस्कोमध्ये लेनिन यांचा देह १९२४ पासून ठेवलेला आहे, परंतु त्यासाठी ग्लिसरीन आणि पोटॅशियम अ‍ॅसिटेटच्या द्रावणात तो ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा बुडवावा लागतो आणि एक स्वतंत्र प्रयोगशाळा त्याच कामाला वाहिलेली आहे. एकदा रसायन भरले की देह कायमचा टिकला, असे कोठेच होत नाही.

प्रतिसाद – खाडीकाठ

आपणा सर्वांचे आभार कसे मानावेत हे कळत नाही. काल रात्री काकांच्या कागदांची पिशवी काढली. शेवटच्या आठवड्यातील तपासणीत बिलिरुबिनचा आकडा २४ आहे. सरांचा पहिला प्रतिसाद मी काकूंना मोठ्याने वाचून दाखवला. मुक्या माराचे उदाहरण आले तेव्हा त्यांनी मला थांबवून तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला, आणि मग स्वतःच म्हणाल्या की पडवीच्या पायरीवर घसरून पडले तेव्हा गुडघ्याचा रंग असाच झाला होता. आज सकाळी मोठे चुलते आणि भावकीतील दोघे जण आले असता त्यांनाही तोच भाग दाखवला. त्यांनी कागदावरचा आकडा पाहिला आणि विषाचा विषय पुन्हा काढला नाही. जुना कर्मचारी यांनी चादरीबद्दल लिहिले आहे ते काकूंना आज रात्री वाचून दाखवणार आहे.

एक लहानसा प्रश्न राहिला आहे. पार्थिव ज्या गोधडीवर ठेवले होते ती काकूंनी स्वतः शिवलेली आहे. तिला अजून तो दर्प येतो. रीतीप्रमाणे ती टाकून द्यावी असे सर्व म्हणतात, परंतु काकूंना ती ठेवायची आहे. रसायनाच्या दृष्टीने ती ठेवण्यास काही हरकत आहे का?

प्रतिसाद – शरीररचना

रसायनाच्या दृष्टीने काहीच हरकत नाही. फॉर्माल्डिहाइड पाण्यात सहज विरघळते आणि मोकळ्या हवेत उडून जाते. हातमोजे घालून गोधडी अंगणात भरपूर साध्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, ते पाणी विहिरीपासून लांब ओता, दुसऱ्या दिवशी साबणाने धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटसुलट वाळवा. तरीही दर्प राहिला तर हेच पुन्हा एकदा करा. वास गेला की काकूंनी ती खुशाल अंगावर घ्यावी.